'ओन्ली'ला जागेवर बसवणाऱ्यांस

एम.ए.ला इंग्रजी साहित्य घेतलेल्या एका विद्यार्थिनीची निबंधवही सध्या आमच्यासमोर आहे. एका कादंबरीवर लिहिताना तिने सहज लिहून गेलेले एक वाक्य असे: 'आय ओन्ली अंडरस्टुड द एंडिंग ऑन द सेकंड रीडिंग.' तपासणाऱ्या प्राध्यापकांनी 'ओन्ली'भोवती लाल वर्तुळ काढले आहे, वर्तुळातून एक बाण काढून तो 'ऑन'च्या अलीकडे नेऊन टेकवला आहे आणि समासात 'मिसप्लेस्ड मॉडिफायर' असा शेरा मारून अर्धा गुण कापला आहे. अर्ध्या गुणाचे आम्हाला दुःख नाही. दुःख आहे ते त्याच वहीतल्या पुढच्या निबंधाचे. तिथे ती निवेदकाविषयी लिहिते: 'ही वॉन्ट्स ओन्ली टु बी लव्हड्.' आणि या वाक्यात आधी 'ओन्ली वॉन्ट्स' असे लिहून मग ते खोडले आहे, हे स्वच्छ दिसते. निवेदक गयावया करणारा, सतत स्वतःची बाजू मांडणारा माणूस आहे. खोडलेल्या वाक्यात त्याचा आवाज होता. सुधारलेल्या वाक्यात तो एखाद्या समाधिलेखासारखा गंभीर झाला आहे.

हा लाल बाण आमच्या इंग्रजी विभागांतून गेली कित्येक दशके सुटतो आहे. त्यामागचा नियम सर्वांना पाठ असतो: 'ओन्ली', 'ईव्हन', 'जस्ट', 'ऑल्सो' या शब्दांनी ज्या शब्दाकडे बोट दाखवायचे, त्याच्या अगदी लगत बसावे. त्यासोबत एक खेळही येतो. पाच-सहा शब्दांचे एक वाक्य फळ्यावर लिहायचे, 'ओन्ली' दर जागी सरकवायचे आणि दर वेळी अर्थ कसा पालटतो ते दाखवून वर्गाला थक्क करायचे. खेळ मजेदार आहे, आम्हीही तो वर्गात खेळलेलो आहोत. मात्र त्यातून काढला जाणारा निष्कर्ष खोटा आहे, असे आमचे म्हणणे आहे; आणि साहित्य शिकणाऱ्याच्या कानावर तो जो परिणाम करतो, तो घातक आहे, असेही म्हणणे आहे.

ज्यांना इंग्रजी व्याकरणे 'फोकसिंग' क्रियाविशेषणे म्हणतात, त्यांना मराठीत 'रोखदर्शक' म्हणावे असे आम्हाला वाटते. 'त्याच्या बोलण्याचा रोख माझ्याकडे होता' यातला रोख. हे शब्द क्रियेचे वर्णन करीत नाहीत. 'हळू', 'मोठ्याने' हे शब्द क्रिया कशी झाली ते सांगतात. 'ओन्ली' तसे काही सांगत नाही. वाक्यातला एक घटक तो उचलतो, त्याच्या जागी येऊ शकले असते असे इतर पर्याय ऐकणाऱ्याच्या मनात उभे करतो आणि मग त्या सर्वांना नकार देतो. 'ऑल्सो' त्याच पर्यायांना होकार देतो. 'ईव्हन' त्यांची एक शिडी रचतो आणि उचललेला घटक शिडीच्या सर्वांत अनपेक्षित पायरीवर होता असे सुचवतो. तेव्हा खरा प्रश्न इतकाच की, कोणता घटक उचलला आहे हे ऐकणाऱ्याला कळते कशावरून?

लाल बाणवाल्यांचे उत्तर: जागेवरून. इंग्रजीचे उत्तर: बहुतेक वेळा आघातावरून. एक उदाहरण घेऊ. 'शी ओन्ली टॉट शेक्सपिअर टु द सेकंड इयर.' समजा, या बाईंनी दुसऱ्या वर्षाला शेक्सपिअर शिकवला आणि मिल्टनही शिकवला. तिसऱ्या वर्षाला काहीच शिकवले नाही. आता हे वाक्य 'शेक्सपिअर'वर जोर देऊन म्हणा: ते असत्य आहे, कारण मिल्टन राहिला. 'सेकंड इयर'वर जोर देऊन म्हणा: ते सत्य आहे. शब्द तेच, क्रम तोच, 'ओन्ली' जागचा हललेला नाही. तरी एका वाचनात विधान खरे आणि दुसऱ्यात खोटे. म्हणजे आघात हा इथे बोलणाऱ्याच्या लकबीचा भाग उरत नाही, तो अर्थाचा भाग होतो. भाषाशास्त्रात ही गोष्ट आता जुनी झाली आहे. लॉरेन्स हॉर्न यांनी १९६९ साली 'ओन्ली' आणि 'ईव्हन' यांच्या गृहीतकांवर लिहिले, रे जॅकेनडॉफ यांनी १९७२च्या आपल्या पुस्तकात हे शब्द आघाताशी कसे बांधलेले असतात ते मांडले, आणि मॅट्स रूथ यांच्या १९८५च्या प्रबंधाने पर्यायांचा तो सगळा हिशेब काटेकोर करून दिला. आमच्या साहित्य विभागांत आणि भाषाशास्त्र विभागांत (जिथे तो आहे तिथे) बहुधा एकाच जिन्याचे अंतर असते. तो जिना कुणी फारसा चढत नाही.

याचा अर्थ इंग्रजीत या शब्दांना काही शिस्तच नाही, असा मात्र नव्हे. शिस्त आहे, फक्त ती लाल बाणाची नव्हे. 'ओन्ली'ची स्वाभाविक बैठक मुख्य क्रियापदाच्या आधी आणि सहायक क्रियापद असलेच तर त्याच्या नंतर असते. तिथे बसून ते आपल्या उजवीकडच्या कोणत्याही घटकावर नेम धरू शकते: क्रियापदावर, कर्मावर, काळवेळावर. डावीकडे, कर्त्याकडे, मात्र त्याला वळून पाहता येत नाही. 'द प्रोफेसर ओन्ली रेड द फर्स्ट चॅप्टर' हे वाक्य 'प्रोफेसर'वर कितीही जोर देऊन म्हटले तरी 'प्राध्यापकांनीच वाचले, इतर कुणी नाही' असा अर्थ निघत नाही. त्यासाठी 'ओन्ली'ला कर्त्याच्या पुढे जावेच लागते. जागा हद्द आखून देते, त्या हद्दीत कुणावर रोख आहे ते आवाज सांगतो. ही विभागणी इतकी सुटसुटीत आहे की, ती एका तासात शिकवता येईल. रँडॉल्फ क्वर्क आणि सहकाऱ्यांचे १९८५चे व्याकरण आणि हडलस्टन-पुलम यांचे २००२चे केंब्रिज व्याकरण या दोन्हींत तिची सविस्तर चर्चा आहे, आणि हे दोन्ही ग्रंथ आमच्या बऱ्याच ग्रंथालयांत कपाटबंद आहेत.

मग लाल बाण आला कुठून? त्याचा उगम अठराव्या शतकातला. पुढे लंडनचे बिशप झालेल्या रॉबर्ट लोथ यांनी १७६२ साली इंग्रजीचे एक छोटेखानी व्याकरण प्रसिद्ध केले. क्रियाविशेषण ज्या शब्दाला लागू होते त्याच्या जवळ असावे, हे सूत्र तिथे येते. सर्वसाधारण सल्ला म्हणून त्यात वावगे काही नाही. पुढे त्या सल्ल्याचा कायदा झाला, आणि कायदा झाल्यावर तो मोडणारे लेखक गुन्हेगार ठरले. गंमत अशी की, या कायद्याची सर्वांत कडक खबर घेतली ती शुद्धलेखनाचे कैवारी समजल्या जाणाऱ्या फाउलर यांनी. १९२६च्या त्यांच्या कोशात 'ओन्ली'वर एक नोंद आहे. काटेकोर जागा कोणती हे फाउलर मान्य करतात. पण गैरसमजाची शक्यता नसताना त्या जागेचा आग्रह धरणाऱ्या पंडितांपासून इंग्रजीचा बचाव व्हावा, अशाच सुरात ते बोलतात. पुढे १९८९ साली मेरियम-वेबस्टरच्या वापरकोशाने उत्तम इंग्रजी लेखकांची वाक्ये समोर ठेवून दाखवून दिले की, 'ओन्ली' क्रियापदाआधी बसवणे हाच शिष्ट लेखनातलाही रुळलेला प्रघात आहे. म्हणजे ज्या 'ब्रिटिश शुद्धते'च्या नावाने आम्ही बाण सोडतो, त्या शुद्धतेचे घरचे रखवालदार केव्हाच पहारा सोडून गेले आहेत. आम्ही मात्र ओसाड वेशीवर भाला घेऊन उभे.

इथे एक शंका आम्हाला बराच काळ छळते आहे. हा नियम इतर कोणत्याही निरर्थक नियमापेक्षा आमच्याकडे इतका घट्ट का रुजला? उत्तर कदाचित आमच्या तोंडातच आहे. मराठीचा 'च' खरोखरच त्या शब्दाला चिकटतो. 'तिने दुसऱ्या वर्षाला शेक्सपिअरच शिकवला', 'तिने शेक्सपिअर दुसऱ्या वर्षालाच शिकवला', 'तिनेच शिकवला'. 'च' आणि 'ही' यांना आमची शालेय व्याकरणे 'शुद्ध शब्दयोगी अव्यये' म्हणतात, कारण ती शब्दाचे सामान्यरूप न करता, विभक्तिप्रत्ययाच्याही मागून, थेट शब्दाला लागतात. शिवाय मराठी वाक्य रोखातला शब्द क्रियापदाच्या लगेच आधी आणून ठेवणे पसंत करते. वरच्या पहिल्या दोन वाक्यांत क्रम बदलला आहे हे वाचकांनी पाहिलेच असेल. म्हणजे जे काम इंग्रजी आवाजाकडून करून घेते, ते मराठी चिकटवून आणि सरकवून करते. मग 'ओन्ली'नेही चिकटूनच बसावे असे आमच्या मनाला स्वाभाविक वाटले, तर त्यात नवल काय? लोथसाहेबांचा नियम आम्ही परका म्हणून पाठ केला नाही, ओळखीचा म्हणून घरात घेतला.

आणि आता दुटप्पीपणा पाहा. 'ही इज इन पुणे ओन्ली' असे कुणी म्हटले की, तेच प्राध्यापक हसतात. 'इंडियनिझम' म्हणून फळ्यावर त्याची शोभा करतात. पण बोलणाऱ्याने काय केले आहे? ज्या शब्दावर रोख आहे, त्याच्या अगदी लगत 'ओन्ली' बसवले आहे. लाल बाणाचा नियम याहून निष्ठेने कुणी पाळलेला नाही! फरक इतकाच की, या 'ओन्ली'त नकार जवळजवळ नाही. तो पुण्यातच आहे, म्हणजे 'तुम्ही समजता तसा तो बाहेरगावी गेलेला नाही, इथेच आहे'. हा 'च'चा ठासून सांगणारा अर्थ आहे, वगळणारा नव्हे. मराठीत 'मी येईनच' म्हणजे खात्रीने येईन. 'आय विल ओन्ली कम' म्हणून हा अर्थ इंग्लंडात कुणालाही कळणार नाही. राकेश भट्ट यांनी २०००च्या सुमारास या भारतीय 'ओन्ली'चा व्याकरणाच्या अंगाने अभ्यास केला, आणि २००७ साली 'वुई आर लाइक दॅट ओन्ली' हे रमा बिजापूरकर यांच्या ग्राहकवर्गावरच्या पुस्तकाचे शीर्षकही झाले. ज्याला नियम आहे, ज्याला अर्थ आहे आणि जे लाखो लोक बोलतात, त्याला चूक म्हणून हसण्याआधी ते काय करते हे तरी पाहावे. असो. हा स्वतंत्र लेखाचा विषय आहे.

आम्हाला जास्त सलते ते भाषांतर. मराठीत येणारी भाषांतरित कथा उघडावी, आणि 'फक्त' मोजावेत. 'ओन्ली'च्या जागी 'फक्त', 'जस्ट'च्या जागी 'फक्त', 'मिअरली'च्या जागी 'केवळ', आणि शंका वाटली तर 'केवळ पाचच' असा दुहेरी कुलूपबंद बंदोबस्त. 'द ट्रेन ओन्ली अराइव्हड् ॲट नाइन' याचे 'गाडी फक्त नऊ वाजता आली' असे भाषांतर आम्ही छापील पाहिले आहे. ही गाडी दिवसातून किती वेळा येणे अपेक्षित होते? मूळ वाक्यातला 'ओन्ली' उशिराची तक्रार करतो आहे. मराठी माणूस ही तक्रार 'नऊ वाजले तेव्हा कुठे गाडी आली' अशी करतो. 'शी ओन्ली गॉट मॅरीड लास्ट मंथ' म्हणजे 'गेल्याच महिन्यात तर तिचं लग्न झालं'. इथे 'च' विशेषण आणि नाम यांच्या फटीत शिरतो, 'तर' सोबतीला येतो आणि ऐकणाऱ्याच्या मनातला 'इतक्यात?' हा प्रश्न वाक्यात उमटतो. या दोन्ही ठिकाणी 'फक्त' हा शब्द कोशाच्या दृष्टीने बरोबर आणि मराठीच्या दृष्टीने मेलेला आहे. आणि हे भाषांतरकाराला का सुचत नाही? कारण त्याला वर्गात 'ओन्ली' कुठे बसावे एवढेच शिकवले, ते काय म्हणते आहे हे ऐकायला कुणी शिकवले नाही.

'ईव्हन'ची तीच गत. 'ही डिडन्ट ईव्हन फोन.' भाषांतर: 'त्याने अगदी फोनही केला नाही.' हा 'अगदी' कुठल्या गावचा? आमची आजी म्हणाली असती, 'साधा फोनसुद्धा केला नाही मेल्याने!' 'साधा' या एका शब्दात ती शिडी उभी राहते: भेटायला यायचे राहू दे, पत्र राहू दे, सर्वांत खालची पायरी फोनची, तीही त्याने चढली नाही. इंग्रजी 'ईव्हन'ला स्वतःच्या शिडीची सर्वांत खालची पायरी दाखवायला वेगळा शब्द लागत नाही. मराठीला 'साधा', 'निदान', 'नुसता' असे शब्द जोडीला घ्यायला आवडतात. 'तोसुद्धा आला नाही' आणि 'तो आलासुद्धा नाही' या दोन वाक्यांत जो फरक मराठी बोलणारा माणूस सहज करतो, तोच फरक इंग्रजीत 'ईव्हन ही' आणि 'डिडन्ट ईव्हन' असा होतो. ही समांतरता वर्गात एकदा दाखवली, तर नियम पाठ करण्याची गरज राहत नाही. पण मराठी शब्द उच्चारून इंग्रजी शिकवणे आमच्या विभागांत अजूनही थोडे हलके समजले जाते.

आमच्याविरुद्ध एक गंभीर आक्षेप आहे आणि तो टाळणे अप्रामाणिकपणाचे होईल. बोलताना आवाज असतो हे ठीक, पण लेखनात तो नसतो. मग लेखनात जागेचा आधार नको का? आक्षेपात तथ्य आहे. करारनाम्यात, परीक्षेच्या नियमावलीत, औषधाच्या वेष्टनावर 'ओन्ली' आपल्या शब्दाला चिकटलेलेच बरे. तिथे वाचणारा विरोधी पक्षाचा वकील असू शकतो. 'नॉट ओन्ली... बट ऑल्सो' ही जोडगोळी वापरताना दोन्ही बाजूंना सारख्याच घडणीचे शब्द यायला हवेत, हेही आम्हाला मान्य. तिथली ढिलाई खरोखर वाक्याचा तोल घालवते. लांबलचक वाक्यात, जिथे क्रियापदापासून रोखाचा शब्द चार उपवाक्ये दूर आहे, तिथेही 'ओन्ली' पुढे नेणे हे वाचकावरचे उपकार आहेत.

पण लेखनात आवाज नसतो, हे विधानच आम्हाला साहित्याच्या शिक्षकाच्या तोंडी शोभत नाही असे वाटते. आपण मनात वाचतो तेव्हाही आघात देऊनच वाचतो. काही सुचवलेले नसेल तर इंग्रजी वाक्याचा मुख्य आघात सामान्यतः शेवटच्या महत्त्वाच्या घटकावर पडतो, आणि म्हणूनच 'आय ओन्ली अंडरस्टुड द एंडिंग ऑन द सेकंड रीडिंग' हे वाक्य वाचताना कुणाचाही घोटाळा होत नाही. रोख 'सेकंड'वर आहे हे वाचकाला कळते, कारण तोच शेवटाला आहे. शिवाय 'नुसताच समजला, आणखी काही केले नाही' हा दुसरा अर्थ वाक्याच्या आशयालाच बसत नाही. त्या प्राध्यापकांचाही घोटाळा झाला नव्हता. झाला असता तर बाण कुठे टेकवायचा हे त्यांना कळलेच नसते! आपल्याला अर्थ बरोबर कळला याचा पुरावा स्वतःच्या लाल शाईने देऊन, वाक्य संदिग्ध आहे असा शेरा मारणे, याला काय म्हणावे?

शिवाय जागा बदलली की फक्त अर्थ नेमका होतो, बाकी काही हलत नाही, हे गृहीतही खोटे आहे. 'ही ओन्ली वॉन्टेड टु हेल्प' आणि 'ही वॉन्टेड ओन्ली टु हेल्प' ही दोन वाक्ये तर्कशास्त्राच्या वहीत एकच आहेत. कादंबरीत ती एक नाहीत. पहिले वाक्य कुणीतरी कुणाची तरी बाजू घेऊन बोलते आहे. समोर आरोप आहे, आवाजात विनवणी आहे: 'अहो, त्याला मदतच करायची होती हो!' दुसरे वाक्य निवाडा देणाऱ्या निवेदकाचे आहे: 'मदत करण्यापलीकडे त्याची काही इच्छा नव्हती.' पहिल्यात 'हो' ऐकू येतो, दुसऱ्यात पूर्णविराम. पात्राच्या मनातले बोलणे निवेदकाच्या वाक्यात बेमालूम मिसळते त्या निवेदनपद्धतीवर आम्ही तासन्‌तास व्याख्याने देतो. ती पद्धत प्रत्यक्षात उभी असते ती अशाच चिमूटभर शब्दांच्या बैठकीवर. निवेदकाने 'ओन्ली' बोलीच्या जागी ठेवला की आपण पात्राच्या डोक्यात. लेखी जागी नेला की आपण बाहेर. हे ऐकू आले नाही तर व्याख्यानातली मोठी पारिभाषिक नावे नुसती नावेच राहतात. आणि ज्या विद्यार्थ्याला 'ओन्ली वॉन्टेड' ही चूकच वाटते, त्याला ते ऐकू येणार कसे? तो त्या ओळीवर थबकेल तो तिला मनातल्या मनात दुरुस्त करण्यासाठी.

अभ्यासमंडळांना उद्देशून आम्ही काही लिहिणार नाही. तिथे लिहिलेले कुठे जाते ते आम्ही पाहिले आहे. शिक्षकमित्रांकडे मात्र एक मागणी आहे. तो सरकवण्याचा खेळ जरूर खेळा, पण पुढच्या तासाला तेच वाक्य, 'ओन्ली' क्रियापदाआधी स्थिर ठेवून, वेगवेगळ्या शब्दांवर जोर देऊन मुलांकडून मोठ्याने वाचून घ्या. मग प्रत्येक वाचनाचे मराठी करायला सांगा, आणि अट घाला की 'फक्त' हा शब्द वापरायचा नाही. 'च' कुठे लागतो, 'कुठे' कधी येतो, 'नुसता' आणि 'साधा' केव्हा धावून येतात, यावर मुले भांडू लागतील. आम्ही एका वर्गात हे करून पाहिले. 'गाडी नऊला कुठे आली' यावर पंचवीस मिनिटे वाद झाला. विदर्भातल्या एका मुलाने त्याच्याकडे हे कसे म्हणतात ते सांगितले, कोकणातल्या मुलीने तिचे सांगितले, आणि कुणालाही तासाची घंटा ऐकू आली नाही.

ती निबंधवही आम्ही विद्यार्थिनीला परत देणार आहोत. खोडलेल्या 'ओन्ली वॉन्ट्स'खाली आम्ही पेन्सिलीने टिंबांची एक ओळ काढली आहे. मुद्रितशोधनात तिचा अर्थ 'खोडलेले तसेच राहू द्या' असा होतो.